घरचे व्हिडिओ पाहण्यासाठी प्रयोगाची ॲप्स : खटाटोप की गरज?

रावेरकर
काल येथे एका सदस्याने लिहिले, "घरचे व्हिडिओ पाहायला फोनची गॅलरी पुरते, प्रयोगाची ॲप्स टाकून बघणे हे रिकामटेकड्यांचे काम आहे." हे मला पटलेले नाही. लग्न, जाऊळ, कानबाई (आपल्या खानदेशातला देवीचा उत्सव), शेतातली भरीत पार्टी, सगळे आपण हौसेने चित्रित करतो आणि नंतर कोणीही उघडत नाही, कारण गॅलरीत व्हिडिओची एकच चौकट (फ्रेम) दिसते आणि तिच्यात बहुधा कोणाची तरी पाठ नाहीतर मांडवाचे कापड असते. गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये 'स्टोरीबोर्ड' हे अँड्रॉइड ॲप प्रयोग म्हणून आणले होते; ते व्हिडिओतल्या निवडक चौकटी उचलून चित्रकथेसारखे एक पान मांडत असे आणि हे सारे काम फोनमध्येच होत असे. त्याच सुमारास आयफोनसाठी आलेल्या 'स्क्रबीज'मध्ये बोट सरकवून व्हिडिओ हव्या त्या वेगाने मागे-पुढे फिरवता येई. असे प्रयोग लोकांनी वापरूनच पाहिले नाहीत, तर गॅलरी सुधारणार कशी?

पांझराकाठ
काल लिहिणारा मीच. तुम्ही नेमकी फोनमध्येच काम करणारी उदाहरणे निवडलीत. आज त्या धर्तीची जी ॲप्स मिळतात, त्यांपैकी कित्येक उघडताक्षणीच सगळ्या फोटो-व्हिडिओंची परवानगी मागतात. माझ्या मावसबहिणीने असेच एक ॲप घेतले होते. त्याने हळदीच्या व्हिडिओची तयार केलेली क्लिप तिला न विचारता सर्वांना दिसेल अशी ठेवली आणि ती काढून घेताना घरात रडारड झाली. हे ज्याने पाहिले आहे, त्याला 'प्रयोग' या शब्दाचे कौतुक वाटत नाही.

रावेरकर
बहिणीच्या बाबतीत झाले ते वाईटच झाले. परंतु आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०२३ च्या चौदाव्या आवृत्तीपासून मोजकेच व्हिडिओ निवडून तेवढ्यांचीच परवानगी देता येते. ती सोय न वापरता सगळ्याच ॲप्सना दोषी धरणे योग्य नाही.

भुसावळची माहेरवाशीण
परवानगीच्या वादात दोघेही मुख्य गोष्ट विसरत आहात. आमच्या माहेरी नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि रात्रभर गाणी चालतात. तो लांबलचक व्हिडिओ मी अशाच एका ॲपमध्ये घातला. त्याने समईची ज्योत, नथ, जरीचे काठ, हसरे चेहरे अशा उजळ चौकटी उचलल्या. मध्येच वीज गेली होती, तो काळोखाचा भाग मात्र पूर्ण वगळला. आजीने अहिराणीतले गाणे एकटीने शेवटपर्यंत म्हटले, ते त्याच काळोखात! हे ॲप चेहरे आणि उजेड ओळखते, आवाजाकडे त्याचे लक्षच नाही. आपल्याकडच्या व्हिडिओंमध्ये जपण्यासारखे जे आहे, ते बहुतेक वेळा ऐकण्याचे असते.

शहाद्याचे गुरुजी
ताई, त्याहून मोठे दुखणे तारखांचे आहे. नातेवाईक सगळे व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून पाठवतात. त्यात चित्र दाबले जाते, आणि फाइलच्या नावात जी तारीख येते ती चित्रीकरणाची नसते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्याचा व्हिडिओ भाच्याने दिवाळीत पाठवला, तर ॲप तो दिवाळीत मांडते. मी प्रत्येकाला सांगून थकलो की 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते. कोणी ऐकत नाही.

पांझराकाठ
गुरुजी, डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला लग्नाचा व्हिडिओ आमच्या गावच्या नेटवर्कवर सकाळपर्यंत उतरत नाही. शहरात बसून हे सांगणे सोपे आहे.

शहाद्याचे गुरुजी
मी शहरात राहत नाही आणि नेटवर्कचा त्रास मलाही आहे. म्हणून तर मी पेनड्राइव्ह घेऊन नातेवाइकांच्या दारी जातो. ज्यांना एवढे कष्ट नकोत, त्यांनी निदान कष्ट करणाऱ्याला ऐकवू नये.

पांझराकाठ
ऐकवण्याचा हेतू नव्हता. पेनड्राइव्हची गोष्ट मला मान्य आहे. ॲपची नाही.

रावेरकर
तारखांचा विषय मूळ प्रश्नाइतकाच मोठा झाला आहे, त्याचा वेगळा धागा काढावा. ताईंचा आवाजाचा मुद्दा मात्र नाइलाजाने का होईना, मान्य करावा लागतो. तरीही विचारतो : ॲपने तो भाग वगळला, हे तुमच्या लक्षात तरी कशामुळे आले? त्या पानावर आजी नाही हे दिसले, म्हणूनच ना?

भुसावळची माहेरवाशीण
हो, पान पाहूनच मी मूळ व्हिडिओ पुन्हा लावला, एवढे श्रेय त्याला देते. पण मी त्या रात्री तिथे होते, म्हणून काय गळले ते मला कळले. माझ्या मुलीला ते पान पूर्णच वाटले. तेव्हा प्रयोग अवश्य करा, पण मूळ व्हिडिओ पुसून केवळ निवडक तुकडे ठेवण्याचा सल्ला कोणालाही देऊ नका. फोन भरला की तीच चूक होते, आणि गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण जून २०२१ पासून बंद झाल्यावर पुसण्याची घाई आणखीच वाढली आहे.

पांझराकाठ
ताईंच्या या अटीवर माझा विरोध मागे घेतो, मात्र केवळ फोनमध्येच काम करणाऱ्या ॲप्सपुरता.