व्यसनमुक्ती केंद्रातून सल्ल्याविरुद्ध बाहेर पडण्याचा हक्क रुग्णाला असावा का?

शरयू (चर्चाप्रस्ताव)

माझा मामेभाऊ दारू सोडायची म्हणून स्वतःच्या सहीने एका केंद्रात दाखल झाला आणि आठवडाभरातच 'मला घरी जायचे आहे' असे म्हणू लागला. समुपदेशकांनी त्याला सांगितले की कोर्स पूर्ण होईपर्यंत सुट्टी मिळणार नाही. त्याचा मोबाईल जमा करून घेतलेला होता आणि भेटीला बंदी होती. शिवाय दाखल करतानाच मामांकडून एका छापील हमीपत्रावर सही घेतलेली होती, की रुग्णाने कितीही विनवण्या केल्या तरी मुदतीपूर्वी आम्ही त्याला नेणार नाही.

माझे म्हणणे असे की या हमीपत्राला कायद्यात काहीही आधार नाही. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे. त्यामुळे स्वेच्छेने दाखल झालेल्या व्यसनी रुग्णालाही कलम ८८ लागू होते आणि त्याने मागणी करताच त्याला सोडणे केंद्रावर बंधनकारक ठरते. अपवाद फक्त मूल्यमापनासाठी थांबवून ठेवण्याच्या २४ तासांचा आहे, आणि तोही स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असेल, रुग्ण स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल, किंवा आपल्या निर्णयाचा अर्थच त्याला कळत नसेल तरच. त्यानंतरही ठेवायचे असल्यास नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने कायद्याने मान्य असलेल्या व्यक्तीचा, अर्ज हवा आणि रुग्णाला दोघा तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासलेले हवे, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ. अशा रीतीने दाखल ठेवण्याची मुदतही पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० दिवसांची असते, आणि त्याची माहिती अशा प्रकरणांची तपासणी करणाऱ्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला द्यावी लागते. वडिलांची सही यांतल्या कुठल्याच गोष्टीची जागा घेऊ शकत नाही.

गोदाकाठ

शरयूताई, कायदा तुम्ही नीट मांडला आहे, पण 'घरी जायचे आहे' हे वाक्य आमच्या घरात आम्ही वर्षानुवर्षे ऐकले आहे आणि ते माणूस बोलतो की तलफ बोलते, हे आम्हाला ओळखता येते. माझ्या बहिणीने दागिने मोडून नवऱ्याला दाखल केले. तो मधेच निघून आला, त्या रात्री दारातून आत येताना त्याच्या हातात बाटली होती, आणि बहीण दोन्ही मुलांना घेऊन शेजाऱ्यांकडे जाऊन बसली. त्याच्या स्वातंत्र्याचा विचार करणाऱ्या कायद्याने तिचा विचार कुठे केला, हे मला कोणीतरी सांगावे. शिवाय २४ तासांत मूल्यमापन करायचे म्हणता, तर तालुक्याच्या गावी त्या वेळात मानसोपचारतज्ज्ञ आणायचा कुठून? तज्ज्ञ मिळत नाही म्हणून रुग्णाला सोडून द्यायचे, आणि पुढे काही झाले की घरच्यांनी लक्ष दिले नाही असे म्हणायचे, हा न्याय मला पटत नाही.

रात्रपाळी

मी व्यसनमुक्ती विभागात परिचारिका म्हणून काम करते. आपण दोघेही दोन वेगळ्या अवस्थांबद्दल बोलत आहात, असे मला वाटते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम थांबली की पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, आणि साधारण दोन-तीन दिवसांनी काहींना वातभ्रम होतो. असा रुग्ण अंगावरचे नसलेले किडे झटकत दाराकडे धावतो तेव्हा त्याला जाऊ देणे म्हणजे मरू देणे आहे. त्यासाठी याच कायद्याचे कलम ९४ आहे. जिवाला धोका असल्यास कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो, नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने. त्यामुळे तालुक्याच्या गावीही अगदीच हात बांधलेले नसतात. मात्र भ्रम उतरलेला, तारीख-वार सांगणारा, आपण काय गमावतो आहोत हे कळणारा माणूस केवळ तलफ आली म्हणून जायचे म्हणत असेल, तर तो चुकीचा निर्णय घेत आहे, पण निर्णय त्याचाच आहे.

मला खरा राग येतो तो डामा डिस्चार्ज, म्हणजे सल्ल्याविरुद्ध दिलेली सुट्टी, ज्या पद्धतीने दिला जातो त्याचा. 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर जात आहे' या ओळीखाली सही घेतली की काम संपले, असे समजले जाते. थायमिनच्या (बी-१ जीवनसत्त्वाच्या) गोळ्या दिल्या जात नाहीत, विथड्रॉवलसाठी, म्हणजे व्यसन थांबवल्यावर होणाऱ्या त्रासासाठी, चालू असलेले औषध कसे कमी करायचे हे सांगितले जात नाही, पुन्हा कधी यायचे ते लिहून दिले जात नाही. ब्राउन शुगरच्या (हेरॉइनच्या) रुग्णाच्या बाबतीत तर हा निष्काळजीपणा जीवघेणा आहे, कारण काही दिवस बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि पूर्वीचाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. सल्ला मोडून जाणाऱ्याला हे निघण्यापूर्वी सांगणे हे आमचे काम आहे.

मुक्तछंद

कुलूपबंद दारांबद्दल एवढेच सांगतो की ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथील मनोरुग्णांच्या आश्रमात आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही आणि २८ जणांचा मृत्यू झाला. त्या माणसांनाही तिथे त्यांच्या भल्यासाठीच ठेवले आहे, असे त्यांचे नातेवाईक मानत होते.

शरयू

गोदाकाठ, तुमच्या बहिणीचा प्रश्न मी बाजूला सारत नाही. तिला संरक्षण मिळालेच पाहिजे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली नवऱ्याला राहत्या घरातून बाहेर राहण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. परंतु तिच्या सुरक्षेसाठी त्याला उपचाराच्या नावाखाली डांबून ठेवायचे, हे तिच्यासाठीही तात्पुरते आहे, कारण मुदत संपली की तो घरीच येणार, आणि ज्यांनी आपल्याला आत डांबले त्यांच्यावरचा राग घेऊन येणार. माझा मामेभाऊ आज मामांशी बोलत नाही, आणि पुन्हा दाखल होण्याचा विषय काढला तरी उठून जातो.

गोदाकाठ

न्यायालयाचा आदेश हातात येईपर्यंतच्या रात्री कुठे काढायच्या, हे बहिणीला मी सांगू शकत नाही, म्हणून माझे मत पूर्ण बदललेले नाही. हमीपत्राची पद्धत बंद व्हावी, हे मात्र मला मान्य आहे. त्याऐवजी रुग्ण सुट्टी मागताच केंद्राने घरी फोन करून तो किती वाजता निघणार आहे हे कळवलेच पाहिजे, असा नियम असावा. रुग्णाच्या गोपनीयतेला त्याने बाधा येते असे कोणी म्हणाले, तर दाखल होतानाच, तो शुद्धीत असताना, त्याची तशी लेखी परवानगी घ्यावी.