गवती चहा उकळावा की नुसता मुरवावा?

मूळ मत (रत्नागिरी)
मृग लागला की आमच्याकडे परसातली गवती चहाची पात, आले आणि तुळस एकाच पातेल्यात घालून पाणी निम्मे होईपर्यंत आटवतात, आणि घरभर वास दरवळला की काढा उत्तम झाला असे समजतात. माझे म्हणणे असे की जो वास घरभर झाला, तो पेल्यातून गेला. पातीचा वास मुख्यतः सिट्रल या द्रव्याचा असतो आणि ते वाफेबरोबर उडून जाते. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात काढा आणि फांट या कृती वेगळ्या सांगितल्या आहेत. काढ्यासाठी औषधाच्या 16 पट पाणी घेऊन आटवायचे, तर फांटासाठी चूर्णावर 4 पट कढत पाणी घालून ते गाळून घ्यायचे. पाल्याला ही दुसरी रीतच योग्य आहे.

प्रतिसाद (मालवण)
मला हे पटत नाही. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढुळते, तेव्हा ते उकळावेच लागते. शिवाय नुसते पाणी ओतून केलेला चहा पुळकवणी लागतो.

मूळ लेखक
पाणी खळखळून उकळावे, याला माझी हरकत नाहीच. त्यात आले आणि मिरीही उकळू द्यावी. भांडे उतरवल्यावर मात्र कातरलेली पात घालून वर ताटली ठेवावी आणि दहा मिनिटे थांबावे. ताटलीच्या आतल्या बाजूला जमलेल्या थेंबांचा वास घेऊन पाहा, आणि मग ते परत भांड्यात निथळू द्या. (पातीची गाठ मारून टाकणे दिसायला सुबक असते, पण कातरल्याशिवाय वास मोकळा होत नाही.) पुळकवणी लागत असेल तर पात वाढवावी, आच नव्हे.

प्रतिसाद (सावंतवाडी)
मग उपळसरीचे काय? ती मूळ असूनही तिचा सुगंध उकळीत टिकत नाही, म्हणून तिचाही फांट करतात. तेव्हा पाला की मूळ हे न पाहता, आपल्याला हवे असलेले द्रव्य उडून जाणारे आहे की नाही, हे पाहावे.

प्रतिसाद (मालवण)
उपळसरीचे मान्य आहे. पण अडुळसा हाही पालाच आहे, तो वासासाठी कोणी पीत नाही आणि खोकल्यावर त्याचा काढाच पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. त्यामुळे ‘पाल्याला दुसरी रीतच योग्य’ हे सरसकट विधान आपण मागे घ्यावे.

मूळ लेखक
अडुळशापुरते मागे घेतो. गवती चहापुरते नाही.