सोलापुरात आम्लपाऊस पडतो का?

प्रश्न – जुळे सोलापूरकर
मृगाच्या पहिल्या सरीनंतर आमच्या गच्चीवरील जास्वंदीच्या पानांवर तपकिरी ठिपके उमटले आहेत. पत्र्यावरून बादलीत गळलेल्या पाण्यात मुलीने निळा लिटमस बुडवला, तर तो किंचित लालसर झाला. हा आम्लपाऊस असावा का, आणि विहिरीला त्याचा धोका आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद – निवृत्त रसायनशिक्षक
हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळत असल्याने स्वच्छ पावसाचाही सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप: ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) सुमारे ५.६ असतो, त्यामुळे लिटमस लालसर होणे एवढाच पुरावा पुरेसा नाही. कोळसा व तेल जळताना सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो, इंजिनांच्या आणि भट्ट्यांच्या उष्णतेत नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात, आणि हवेत व ढगांत त्यांचे सल्फ्युरिक व नायट्रिक आम्ल बनून सामू ५.६ च्या खाली उतरला, की त्याला आम्लपाऊस म्हणतात. सामू एकाने उतरला म्हणजे आम्लता दसपट वाढली. शिवाय पत्र्यावरचे पाणी मोजूच नये, कारण पत्र्यावरची घाण आणि मुलाम्यातील जस्त त्यात उतरते.

प्रतिसाद – काळ्या रानातून
आमच्या मोहोळकडील रानात नांगराला चुनखडीचे खडे लागतात आणि माती परीक्षणात सामू आठच्या आसपास येतो. उन्हाळ्यात हीच धूळ हवेत असते, आणि तिच्यातील चुना आम्ल बराचसा मारतो. विहिरीची चिंता करू नये. आमचे दुखणे उलटेच आहे: चुन्यामुळे लोह मिळेनासे होऊन लिंबाची पाने पिवळी पडतात. ठिपके बहुधा बुरशीचे असावेत. पान कृषी सहायकांना दाखवावे.

प्रतिसाद – निवृत्त रसायनशिक्षक
मातीचा मुद्दा मान्य आहे, पण तो इथल्यापुरता. नॉर्वे-स्वीडनमध्ये ग्रॅनाइटवर मातीचा पातळ थर असल्याने, ब्रिटन व मध्य युरोपातील उंच चिमण्यांचा धूर वाऱ्याने तिकडे गेला तेव्हा हजारो तळ्यांतील मासे संपले. आम्लाने मातीतील ॲल्युमिनियम पाण्यात उतरते आणि कल्ल्यांवर साचून मासे गुदमरतात. संगमरवरही आम्लात झिजतो, आपल्या भुईकोट किल्ल्याचा काळा पाषाण त्या मानाने टिकाऊ आहे. आणखी एक गोष्ट: चिमणीतील राख अडवली आणि वायू तसाच सोडला, तर आम्ल मारणारी धूळ घटते, आम्ल मात्र तेवढेच राहते.

प्रश्नकर्ता
पुढच्या सरीला उघड्यावर काचेचे पातेले ठेवून सामूमापकाने मोजतो. पान उद्याच दाखवतो.