मदत हवी आहे: क्लॉ मशीनचा पंजा नेमका वर पोचल्यावरच ढिला का पडतो?

नमस्कार मंडळी,

टोकियोत निशिकासाईला राहतो. स्टेशनजवळच्या गेम सेंटरमध्ये लेकीने (वय ७) क्लॉ मशीनच्या काचेमागचा एक गुबगुबीत खेळण्यातला पेंग्विन हेरून ठेवलाय. नाणं घालायचं, पंजा चालवायचा आणि बक्षीस उचलून बाहेर काढायचं, असा तो खेळ. शनिवारी १०० येनची नाणी घालता घालता १८०० येन गेले. पंजा पेंग्विनला व्यवस्थित धरतो, उचलतो आणि वर पोचून हिसका बसला की सोडून देतो. दर वेळी तिथेच! बायको म्हणते, माझा नेम चुकतो. मला मशीनमध्येच गोम वाटते. हा नशिबाचा खेळ, कौशल्याचा, की ठरवून केलेली लूट? पेंग्विन दुकानात मिळत नाही, ते शोधून झालंय. जाणकारांनी सांगावं.

जुना_वायरमन:
पुण्यात मॉलमधली अशी मशीनं दुरुस्त करायचो. पंजाच्या डोक्यावर कॉइल असते. तिला वीज मिळाली की आतला दांडा ओढला जातो आणि नख्या मिटतात. व्होल्टेज जास्त, तेवढी पकड घट्ट. बऱ्याच मशीनांत मालकाला दोन व्होल्टेज लावता येतात, उचलतानाचं वेगळं आणि वर गेल्यावरचं वेगळं. वरचं कमी ठेवलं की "अरे, थोडक्यात हुकलं" म्हणत माणूस पुढचं नाणं काढतो. धंदा सगळा त्या "थोडक्यात"वर. शिवाय किती खेळ झाल्यावर एकदा पूर्ण जोर द्यायचा, तो आकडाही भरता येतो. पण त्याच खेळीला तुमचा पंजा वाकडा पडला, तर बक्षीस नाहीच. म्हणजे वहिनीही अगदीच चुकीच्या नाहीत.

ओसाकाकर:
आधी नख्या मोजा. तीन असतील तर बहुधा ते "काकुरित्सुकी", वायरमन सांगतायत तेच. काकुरित्सु म्हणजे संभाव्यता. जपानी लोक नावातच सांगून मोकळे. हिशोब सोपा आहे. समजा पेंग्विन मालकाला ६०० येनला पडला आणि गल्ल्याच्या ३० टक्केच बक्षिसावर घालवायचे ठरवले, तर २००० येन, म्हणजे २० खेळ झाल्याशिवाय तो सुटणार नाही. महागडं बक्षीस ठेवून लोकांना भुलवताही येत नाही. इथे एका बक्षिसाची किंमत साधारण १००० येनच्या आत ठेवावी लागते. २०२२ पर्यंत ती ८०० होती.

दोन नख्यांचं असेल (सेगा या जपानी गेम कंपनीने १९८५ मध्ये आणलेल्या यूएफओ कॅचर मशीनच्या वळणाचं), तर उचलायच्या फंदात पडू नका. बक्षीस दोन दांड्यांवर आडवं ठेवलेलं असतं. एक कोपरा ढकलत, तिरपं करत खाली पाडायचं. तिथे खरंच हात बसतो.

आणि लाजू नका. तिथल्या कर्मचाऱ्याला "सुमिमासेन" (माफ करा) म्हणून बोलवा. बक्षीस अडकलं किंवा बरेच पैसे घालून झाले असतील, तर बऱ्याच ठिकाणी ते सोयीच्या जागी सरकवून देतात.

खवचट_काकू:
मोजणी माणसाची नसते, मशीनची असते ना? मग १८०० घालून तुम्ही उठलात, तेव्हा मागे कोण उभं होतं ते आठवा.

धागाकर्ता:
काकू, शाळेच्या गणवेशातला एक मुलगा होता! आम्ही जिन्यापर्यंत पोचलो नव्हतो तोवर त्याच्या काखेत पेंग्विन. लेकीला हे अजून सांगितलेलं नाही. नख्या तीनच आहेत, आज पाहून आलो. आत नवा पेंग्विन ठेवलाय. म्हणजे मोजणी पुन्हा शून्यापासून का हो, वायरमनकाका?