बेंजामिन: शेंडेफळ की उजवा हात?

कोणीतरी बेंजामिन या नावाचा अर्थ 'लाडका धाकटा' असं लिहिलंय, तो अर्थ नंतरचा हो. फ्रेंचमधे शेंडेफळाला बेंजामँ म्हणतात ते खरंय, पण मूळ हिब्रू बिन्यामिन, म्हणजे बेन + यामिन, बेन = मुलगा (आपल्या कोकणातले बेने इस्रायली, त्यातलं बेने म्हणजे याच बेनचं अनेकवचनी रूप) आणि यामिन = उजवा हात.

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या ३५व्या अध्यायात गोष्ट आहे, राहेल बाळंतपणात जाते आणि जाता जाता पोराचं नाव बेन-ओनी ठेवते, माझ्या दुःखाचा मुलगा. बापाला, याकोबाला ते काही पटत नाही, तो लगेच बदलून बिन्यामिन करतो. बरोबरच केलं, असलं नाव जन्मभर कोण वागवणार!

आता खरी गंमत, यामिन म्हणजे दक्षिणही. पूर्वेला तोंड करून उभं राहिलं की उजवा हात दक्षिणेकडे, अगदी आपल्या संस्कृत 'दक्षिण'सारखंच, त्याचेही हेच दोन अर्थ. म्हणून काहीजण 'दक्षिणेचा मुलगा' असाही अर्थ लावतात, कारण बाकीची भावंडं वर उत्तरेला पद्दन-अरामात (उत्तर मेसोपोटेमियात) जन्मली आणि हा एकटाच खाली कनानात (आजच्या इस्रायल-पॅलेस्टाईनच्या भागात). मला तरी उजवा हातच जास्त पटतो.