इ.स. ६४२ : बदामी आणि नहावंद एकत्र वाचायला हवीत का?

दख्खनी : आपल्याकडे ६४२ म्हटलं की एकच गोष्ट सांगितली जाते. कांचीचा पल्लव राजा नरसिंहवर्मन चालून आला, चालुक्यांची राजधानी वातापी म्हणजे बदामी पडली, चालुक्य राजा दुसरा पुलकेशी बहुधा त्याच धामधुमीत मारला गेला. त्याच वर्षी इराणात, हमदानजवळ नहावंदला, अरबांनी सासानी साम्राज्याची शेवटची मोठी फौज मोडली. या दोन घटना शेजारी ठेवल्याशिवाय आपल्या पश्चिम किनाऱ्याचं सातवं शतक कळतच नाही, असं माझं ठाम मत आहे.

पुलकेशीच्या ऐहोळेच्या शिलालेखातून (६३४-३५) आपण तीन महाराष्ट्रकं आणि ९९ हजार गावं तेवढी उचलतो. पण तो लेख रचणाऱ्या कवी रविकीर्तीने त्यातच लिहिलंय की पुलकेशीने शेकडो नावा घेऊन कोकणातल्या पुरीला, पश्चिम समुद्राच्या लक्ष्मीला, वेढा घातला. राजाचं लक्ष समुद्राकडे होतं आणि त्या समुद्रापलीकडे इराण होता. इराणचा सासानी बादशहा खुस्रो परवेझच्या दरबारी ६२५ च्या सुमारास हिंदुस्थानच्या एका राजाची पत्रं आणि नजराणे आल्याचं इतिहासकार तबरी नोंदवतो. तो राजा पुलकेशीच, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ६४२ मध्ये समुद्राच्या दोन्ही काठांवरची जुनी सत्ता एकदम कोसळली.

सनावळी : साफ असहमत. पल्लव-चालुक्य वैर आंध्रातल्या वेंगी आणि पल्लवांच्या कांचीवरचं. पुलकेशीने महेंद्रवर्मनच्या मुलखात कांचीपर्यंत धडक मारली होती, त्याच्या मुलाने, नरसिंहवर्मनने, त्याचं उट्टं काढलं. इराण ६०२ ते ६२८ बायझंटाइनांशी लढून खंगला आणि पुढची चार वर्षं तिथे गादीवर कोण हेच ठरेना. दोन्हींची कारणं पूर्ण वेगळी. ६४२ मध्येच जपानात सम्राज्ञी कोग्योकू गादीवर आली आणि कोरियात यॉन गेसोमुनने गोगुर्योच्या राजाला मारून सत्ता घेतली. साल एक एवढ्यावर जोडायचं तर तेही जोडा!

शिलालेखप्रेमी : आधी सालच तपासू. बदामीच्या खडकावरचा नरसिंहवर्मनचा लेख त्याच्या तेराव्या राज्यवर्षाचा आहे. तो गादीवर ६३० च्या आसपास आला असं धरून ६४२ निघतं. नहावंदही काही जण ६४१ मध्ये नेतात. आणखी एक, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातलं पुलकेशीच्या दरबारातल्या तथाकथित इराणी वकिलातीचं चित्र कृपया कुणी पुराव्यात आणू नका. ते लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या काळचं, पुलकेशीच्या दीडशे वर्षं आधीचं.

दख्खनी : अजिंठा मी आणलेलाच नाही. वर्ष इकडेतिकडे झालं तरी मुद्दा हलत नाही. इतिहासकार बलाझुरी सांगतो की ६३६ च्या सुमारास अरबी आरमार ठाण्यावर येऊन गेलं आणि खलिफा उमर या परस्पर काढलेल्या मोहिमेवर संतापला. ठाणं तेव्हा चालुक्यांच्या प्रभावाखाली. इराणची आखाती बंदरं घेणारे आणि आपल्या किनाऱ्यावर येणारे तेच लोक होते, हा निव्वळ योगायोग कसा?

सनावळी : एका धाडीने काय बदललं? खलिफाने नाराजी दाखवली आणि त्या बाजूने बराच काळ शांतता राहिली. परिणाम तर अगदी उलटे आहेत. पुलकेशीचा मुलगा पहिल्या विक्रमादित्याने ६५५ च्या सुमारास वातापी परत मिळवली, चालुक्य आणखी शंभर वर्षं टिकले. शेवटचा सासानी राजा यज्दगर्द मात्र ६५१ मध्ये मर्वजवळ मारला गेला, त्याचा मुलगा पेरोझ चीनच्या तांग दरबाराच्या आश्रयाला गेला आणि सासानी परत उभे राहिलेच नाहीत. एक बारा-तेरा वर्षांचा खंड, दुसरा कायमचा शेवट. दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

दख्खनी : चालुक्य परत उभे राहिले म्हणूनच तर पुढचं घडलं. नवसारीचा ७३९ चा ताम्रपट वाचा. अरबांची फौज अडवली ती चालुक्यांच्याच शाखेच्या अवनिजनाश्रय पुलकेशीने. वातापी कायमची गेली असती तर नवसारीला कोण उभं राहणार होतं?

सनावळी : नवसारी मान्य. पण त्याच ताम्रपटात त्या फौजेने आधी तुडवलेल्यांची यादी आहे : सैंधव, कच्छेल्ल, सौराष्ट्र, चावोटक, मौर्य, गुर्जर. ती सिंधमधून जमिनीवरून आली होती. तुमची सगळी मांडणी समुद्रावर उभी आहे, आणि तुमच्या सर्वांत भक्कम पुराव्यात समुद्रच नाही.