दारावरचे नाव आणि नोंदणीतले नाव
ट्रकच्या दारावर मालकाचे नाव-पत्ता रंगवला की मालकी सिद्ध होते, हे मत मला धोक्याचे वाटते. लातूरच्या मोंढ्यात (धान्यबाजारात) सोयाबीन भरायला लागलेल्या गाड्यांवर जुने नाव खरवडून नवे रंगवलेले पुष्कळदा दिसते, पण आरसी बुकात (नोंदणी प्रमाणपत्रात) मात्र जुनाच मालक असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(३०) नुसार सर्वसाधारणपणे ज्याच्या नावे नोंदणी तोच मालक, आणि नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईसाठी अशा नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरले आहे. त्यामुळे गाडी विकणाऱ्याने, राज्यातल्या राज्यात व्यवहार असल्यास, कलम ५० प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवलेच पाहिजे. घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत आहे. मालवाहू गाडीवर रिकामे व एकूण वजन लिहिण्याचे बंधन कलम ५८ मध्ये आहे, तेही रंगाऱ्याला आरसी पाहूनच लिहायला सांगावे.